आगट्यांचा डेक

फरीदाबादला सुधन्वा आगट्यांच्या बैठकीत पाऊल टाकलं की पहिल्यांदा दर्शन होतं ते कॅसेट डेकचं. टीव्ही बिचारा कोपऱ्यात. डेक मात्र कपाटावर मधोमध, सिंहासनावर राजा बसावा तसा. चंदेरी अंग, वजन असं की उचलताना कंबर आठवावी, आणि दर्शनी भागात काचेमागे दोन काटे. आवाज चढला की काटे उठून उभे राहतात, उतरला की अदबीनं खाली बसतात.

"याला हेड तीन आहेत," पाण्याचा पेला पाहुण्याच्या हातात पोचायच्या आत सुधन्वा सुरू करतो. "एक पुसतं, एक रेकॉर्ड करतं आणि तिसरं वाजवतं. म्हणजे रेकॉर्डिंग चालू असतानाच फितीवर काय उतरलं ते ऐकता येतं. साधा टेप फीत एकीकडून ओढतो, हा दोन्हीकडून ताणून धरतो. सूर हलायची बिशाद नाही."

"आमच्या घरात दोन गोष्टींना हात लावायचा नाही," गिरिजावहिनी आतून म्हणतात, "देव आणि हा डेक. देवांना निदान रोज आंघोळ तरी असते."

"यालाही असते," सुधन्वा म्हणतो. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून तो रोज सकाळी हेड पुसतो, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे.

सुधन्वा मूळचा सांगलीचा. ट्रॅक्टरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून फरीदाबादला आला आणि इथलाच झाला. दिल्लीच्या मराठी मंडळींनी हौशी नाटक कंपनी काढली, तेव्हा अभिनय जमेना म्हणून त्याच्याकडे पार्श्वसंगीत आलं. परदेशी वकिलातीतला एक अधिकारी बदली होऊन निघाला होता, त्याच्याकडून त्यानं हा जपानी डेक घेतला. लग्नात मिळालेली स्कूटर त्यासाठी गेली. सासरे वर्षभर बोलले नाहीत. पण पुढे कंपनीच्या प्रत्येक नाटकात वीज कडाडली, घोडे दौडले, पहाट झाली, ती याच डेकमधून. रबरी पट्टे झिजले की दिल्लीचं लजपतराय मार्केट पालथं घालायचं आणि नवे बसवायचे, हे त्याचं व्रत.

यंदा गणेशोत्सवात कंपनीचं जुनं संगीत नाटक पुन्हा उभं राहायचं ठरलं. दिग्दर्शन मयुराकडे. ती गुडगावच्या ऑफिसात लॅपटॉप मिटून थेट तालमीला येणारी. नायिकेच्या आईच्या भूमिकेत कुमुदिनी साने. तरुणपणी त्या याच नाटकाच्या नायिका होत्या, आणि शेवटचं पद त्यांनीच म्हणावं असा सगळ्यांचा हट्ट. ऑर्गन वाजवणारे नाना केव्हाच गेले होते. पण एकदा पानिपतच्या प्रयोगाला त्यांना यायला जमणार नव्हतं, तेव्हा सुधन्वानं त्यांचा ऑर्गन आणि तबला कॅसेटवर घेऊन ठेवला होता. तिसऱ्या हेडवरून एकेक सूर तपासून घेतलेली ती कॅसेट अजून खणखणीत होती.

खणखणीत नव्हता तो आवाज. पहाडगंजच्या मराठी शाळेत पहिली तालीम झाली, आणि दुसऱ्या कडव्यात कुमुदिनीताईंचा वरचा सूर फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. काळी पाच ही त्यांची आयुष्यभराची पट्टी. आता गळा तिथं पोचत नव्हता.

"मयुरा, दुसरी कुणी बघ," त्या पर्स उचलून म्हणाल्या. "फाटक्या आवाजात मला लोकांसमोर जायचं नाही."

त्या रात्री सुधन्वाला जेवण गेलं नाही. ताई नसतील तर ते पद कशाला वाजवायचं?

पुढच्या रविवारी तो स्वतः ताईंच्या घरी गेला. "ऐकायला तरी चला," म्हणून त्यांना शाळेत घेऊन आला. तिथं मांडून ठेवलेल्या डेकमध्ये कॅसेट लावली. डेकच्या उजव्या अंगाला पिच असं लिहिलेलं एक बटण आहे. मधोमध असलं की फीत मूळ वेगानं चालते, डावीकडे फिरवलं की वेग कमी होतो आणि सूरही खाली येतो. ते त्यानं डावीकडे पार शेवटपर्यंत नेलं. नानांचा ऑर्गन खाली उतरला, तबलाही जरा सावकाश झाला. ताई सवयीनं गुणगुणू लागल्या, मग गाऊ लागल्या, आणि पद न फाटता पार पडलं.

"ही काळी पाच नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. काळी चार."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

ताई डेकजवळ आल्या. "आणखी किती खाली जातो हा?"

"इथवरच. याच्या खाली तो जात नाही."

"बरंय. त्याला तरी लाज आहे," त्या म्हणाल्या, आणि पर्स खुंटीला अडकवली.

प्रयोगाला सभागृह तुडुंब भरलं होतं. विंगेत टेबलावर डेक, त्याच्यामागे सुधन्वा, बटण डावीकडे. ताईंनी पद धरलं. पहिलं कडवं झालं, दुसरंही झालं. आवाज तापला, मोकळा झाला. मग शेवटच्या कडव्याआधीचा, नुसत्या तबल्याचा तुकडा सुरू झाला, आणि ताईंनी विंगेकडे पाहून एक बोट वर केलं.

हे ठरलेलं नव्हतं. सूर वर नेला आणि तो फाटला, तर आता सभागृहाच्या देखत फाटणार. पण गाणारं माणूस मागतं ते साथीदारानं द्यायचं असतं. दम धरून त्यानं बटण केसाकेसानं मधोमध आणलं. तबल्याची लय चढत गेली, जणू तबलजीनंच ती चढवली होती. ऑर्गन परत आला तो काळी पाचमध्ये, आणि ताई वरच्या सुरावर जाऊन उभ्या राहिल्या. क्षणभर कंप आला. मग सूर लागला आणि लागलेलाच राहिला. डेकचे दोन्ही काटे उजवीकडे टेकले.

टाळ्या थांबेनात. ताई विंगेत आल्या आणि त्यांनी सुधन्वाचा दंड धरला.

"चल बाहेर."

"डेक चालू आहे, ताई."

"मयुरा बसेल त्याच्याजवळ. चल."

त्यांनी त्याला दिव्यांच्या उजेडात आणून उभं केलं आणि हात वर करून टाळ्या थांबवल्या. "ऑर्गन नानांचा," त्या म्हणाल्या. "आणि आज मला साथ केली ती सुधन्वा आगटे यांनी."

सुधन्वानं हात जोडले. समोर तिसऱ्या रांगेत गिरिजावहिनी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि शेजारच्या बाईंना सांगत होत्या, "डेक आमच्याच घरचा हो. रोज आंघोळ घालतात त्याला."