बाबांचं मीटरगेज इंजिन
किटच्या खोक्यावर छापलं होतं, भारतातलं मीटरगेजचं वाफेचं इंजिन. आत घरी जोडायच्या छोट्या मॉडेलचे सुटे पितळी भाग. आणि ड्रायव्हरच्या खोलीला चारी बाजूंनी बंद खिडक्या, वर त्यांना काचा! ज्यानं हे बनवलं त्याला मे महिन्यात जालन्याला आणून पेटत्या भट्टीपुढं उभं करावं, असं वाटलं. फायरमनला वळायलाही जागा नव्हती. गुबगुबीत खुर्ची मात्र दिली होती.

फायरमन म्हणजे माझे बाबा. जालन्याच्या मीटरगेज लाईनवर त्यांनी उमेदीची सगळी वर्षं भट्टीत कोळसा टाकला. आता काचबिंदूनं त्यांची नजर जात चालली होती. गेलेली परत येणार नाही आणि राहिलेलीचा भरवसा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ती आहे तोवर त्यांचं इंजिन त्यांना दाखवायचं, एवढ्यासाठी हा उपद्व्याप.

शाळेत शिकवून घरी आले की मी कानस घेऊन बसायचे. खिडक्या कापल्या, खुर्ची उपटली. चाकांचे दांडे सूचनापत्रातल्या चित्राप्रमाणे बसवले, तर इंजिन जागचं हलेना. एका बाजूचा दांडा दुसऱ्याच्या पाव फेरी मागं हवा, हे त्या चित्र काढणाऱ्या शहाण्याला ठाऊकच नाही! सगळं उखडून पुन्हा कथलाचा डाग देऊन जोडलं. अडलं की बाबांना विचारायचे. ते हातवारे करून सांगत, इंजिनाकडं बघत नसत. "पुरं होऊ दे, मंग बघतो," म्हणत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रंग दिला. सकाळी आंघोळ करून येते तर इंजिनाला झेंडूची माळ, ओल्या रंगावर हळदकुंकू, आणि आई चाकाखाली लिंबू ठेवून अंगाचा भार देऊन ते ढकलतेय. कट्कन एक दांडा वाकला.

"आई! ही काय फटफटी हाय का लिंबू चिरडायला?"

"नवी गाडी हाय. लिंबाबिगर हलवतेत का कुणी? शेडात तुझे बाबा बी ठेवायचे."

"इचारायचं तरी! किती महिन्यांचं काम हाय माझं!"

"आन इकडं," बाबा म्हणाले. ते दारात उन्हाला बसले होते. मी तणतणत इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी मोकळ्या खिडकीत अंगठा घालून पाहिला, वाकलेला दांडा चाचपला.

"ह्यो बराबर करता येतो. कशाला वरडती?" मग लख्ख उन्हात इंजिन तोंडाजवळ धरून त्यांनी विचारलं, "रंग कोणता दिला गं?"

मी आईकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"कवापासून?" मी हळूच विचारलं.

"पोळ्यापासून. तुझं काम थांबंल म्हणून मला सांगू न्हाई दिलं."

पोळ्याच्या वेळी मी ते दांडे उखडत बसले होते. चित्र नीट छापलं असतं तर तोवर इंजिन पुरं होऊन बाबांच्या हातात आलं असतं. असा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं.

"काळा, बाबा," मी म्हणाले. "तुमच्या इंजिनासारखा."