डाळीचं पाणी

आमच्या खारपाणपट्ट्यात तुरीची डाळ विहिरीच्या खाऱ्या पाण्यात शिजत नाही. कितीही जाळ घाला, दाताखाली कच्चीच लागते. म्हणून प्रत्येक घरात डाळीच्या पाण्याचा माठ वेगळा. पावसाळ्यात छपराच्या टिनांवरून धरलेलं पाणी टाकीत साठवायचं आणि वर्षभर फक्त वरणाला काढायचं. लहानपणी तहान लागली म्हणून त्या माठाला हात लावला, तर माय हातावर पळी मारायची.

गावात एक गोडी विहीर होती. आमच्या आजोबांना तिच्या काठावर पाय ठेवायची बंदी होती. आता तीही खारी झाली. तेवढी एक समता गावात आपोआप आली.

मी अमरावतीला शाळेत शिकवते, पण चौदा एप्रिलला गावीच असते. जयंतीला सगळ्या वस्तीचं एकत्र जेवण आणि वरण मायच्या हातचं, हे ठरलेलं. यंदा वस्तीतल्या सगळ्या टाक्या मार्चातच कोरड्या पडल्या. गेल्या पावसाळ्यात पाऊस आला तो चार दिवसांत धो धो कोसळून, वावरातली माती घेऊन नाल्यानं निघून गेला. पुढे तूर फुलावर असताना आभाळ दाटून राहिलं आणि फुलोरा गळाला. जी थोडीफार तूर झाली ती अकोल्याच्या डाळमिलमध्ये गेली आणि चकचकीत होऊन पाकिटातून आमच्याच दुकानात परत आली. कबूल केलेला टँकर दुपार कलली तरी आला नाही.

"सोडा टाकतो ना, बाई," आचारी म्हणाला.

माय कडाडली, "सोड्याचं वरन जयंतीले? साबन खाऊ घालतं का लोकाइले?"

तिकडे मंडपात शहरातले पाहुणे हवामानबदलावर बोलत होते. मटण कमी करा, डाळी खा, डाळींना पाणी कमी लागतं, पृथ्वी वाचेल. समोर बसलेल्या बायकांना मटण दिसतं ते सणावारी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाड्या यांच्या, एसी यांचे, आणि पृथ्वी वाचवायची ती आमच्या ताटातून? भाषणातला एक शब्दही खोटा नव्हता, म्हणून तर राग जास्त आला.

माय पदराला हात पुसत मंडपात शिरली. भाषण संपायची वाट काही तिनं पाहिली नाही.

"साहेब, डाय खा म्हन्ता, बराबर हाये. पन शिजवाची कोन्या पान्यात?"

"शुद्ध पाण्यात, ताई. आधी पाणी उकळून घ्यायचं," भाषण करणारे साहेब हसून म्हणाले.

उकळून खार जात असता, तर आमच्या पिढ्यान् पिढ्या कशाला माठ राखत बसल्या असत्या! मायची नजर स्टेजमागे रचलेल्या खोक्यांवर गेली होती. पाहुण्यांसाठी आणलेल्या बाटल्यांची खोकी. तिनं एक उचललं. मग बायका उठल्या, मीही उठले. मंडळाची पोरं "पाहुण्यांचं पाणी हाये, माय" म्हणत मागे धावली, पण त्यांना विचारतो कोण? भट्टीपाशी झाकणं कडाकड तुटू लागली.

वरण लोण्यासारखं शिजलं. एकदा शिजलं की वरून खारं पाणी घालून सारखं केलं तरी चालतं, मीठही कमी लागतं. साहेबांनी दोनदा मागून घेतलं. मग त्यांना रिकाम्या बाटल्यांचा ढीग दिसला.

"एवढं प्लास्टिक? हे टाळायला हवं."

मी तोंड उघडणार तोच ताटातल्या ठेच्यानं आपलं काम केलं. डोळ्यांत पाणी आलं, हातानंच त्यांनी पाणी मागितलं. मायनं विहिरीच्या पाण्याचा गडू पुढे केला. एक घोट घेऊन त्यांनी तो खाली ठेवला.

"हे प्यायचं पाणी आहे?"

"आमी हेच पेतो, साहेब," माय म्हणाली. "गोडं पानी तुमच्या ताटात हाये."