अठ्ठ्याऐंशी किलोचे सुर्वे

“शॉकअप गेलाय, मॅडम. नवीन टाका. चांगल्यातला,” सुर्वे म्हणाले आणि हेल्मेट माझ्या टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. मे महिन्यातली दुपार होती. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली होती आणि पंख्याखाली बसूनही त्यांनी ती खाली केली नाही.

मी लालबागला एका टॉवरच्या तळमजल्यावर मोटरसायकलचं वर्कशॉप सांभाळते. पोस्ट सर्व्हिस मॅनेजरची. आमची खासियत सस्पेन्शन, म्हणजे रस्त्यातला खड्डा आणि बसणाऱ्याची कंबर यांची गाठ पडू न देणारी यंत्रणा. मुंबईच्या कृपेने धंदा बरा चालतो. पुस्तकात ज्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात त्याला आमच्याकडे शेठपासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे शॉकअप म्हणतात. मीही डिप्लोमा विसरून तेच म्हणते.

“नेमकं काय होतंय?” मी विचारलं.

“मागून उडवते. पुलावर चढलो की एकेक जोड कमरेत बसतो. गाडी कडक झालीय. दिवाळीनंतर तुम्ही सेटिंग करून दिलंत तेव्हा लोणी होती.”

इथे थोडं समजावून सांगायला हवं. गाडीवर माणूस बसला की मागची स्प्रिंग दबते. ती किती दबावी याचं माप ठरलेलं असतं. कमी दबली तर गाडी बारीकसारीक उंचवट्यालाही उडते, जास्त दबली तर खड्ड्यात बूड आपटतं. या दबण्याला सॅग म्हणतात. स्प्रिंगवर एक रिंग असते. ती हुकासारख्या पान्याने फिरवून स्प्रिंग आधीच थोडी आवळून ठेवायची. माणूस जड असेल तर जास्त, हलका असेल तर कमी. एकाने गाडी सरळ धरायची, मालकाने हेल्मेट-जॅकेट घालून वर बसायचं, दुसऱ्याने टेप लावून मोजायचं. एवढंच शास्त्र आहे.

अवघड भाग एकच, वजन विचारणं. बायकांना वय विचारू नये असं म्हणतात. त्या लोकांनी पुरुषांना वजन विचारून बघावं. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पंच्याहत्तर किलोचा असतो. पोट टाकीला टेकलेलं असलं तरी पंच्याहत्तर. कोणी कॉलेजातलं वजन सांगतो, कोणी पुढच्या महिन्यात होणारं. एकाने मला सांगितलं, “मी जिम लावतोय, सत्तरवर सेट करून ठेवा.” मी म्हटलं, मग सत्तर होईपर्यंत गाडी घरी ठेवा. शेवटी वैतागून मी पार्सलचा एक जुना काटा आणून दाराशी ठेवला. आधी त्यावर चढायचं, मग बोलायचं.

सुर्वे तेवढे अपवाद. करी रोडचे, गोदीतून रिटायर झालेले, कबड्डीतले जुने कव्हर. चढाईला आलेल्याला आडवं पाडून दाबून धरणं हे कव्हरचं काम. तिथे वजन हीच इस्टेट. अजूनही रोज संध्याकाळी ते मैदानात पोरांना शिकवतात. दिवाळीनंतर ते पहिल्यांदा आले तेव्हा मी विचारायच्या आत स्वतःच काट्यावर चढले होते. “अठ्ठ्याऐंशी,” म्हणाले, आणि काटाही तेच म्हणाला. आमच्या दुकानात वजन खरं सांगणारा हा पहिला पुरुष, असं मी त्याच दिवशी शेठना सांगितलं होतं. त्यांना ते फारसं आवडलं नव्हतं.

म्हणून या वेळी मी सहज म्हटलं, “चढा काट्यावर.”

“कशाला? अठ्ठ्याऐंशीच. वर्षानुवर्षं तेच आहे.”

“नियम आहे आमचा.”

“मी काय बटाट्याची गोण आहे? एकदा सांगितलं ना.”

आवाज चढला होता. मी वाद घातला नाही. सॅग काट्याशिवायही मोजता येतो.

गाडी आत घेतली. आमचा सगळ्यांत जुना मेकॅनिक प्रकाशदादा, घोडपदेवला माझ्याच चाळीतला. गिऱ्हाइकासमोर मला मॅडम म्हणतो, एरवी शुभा. त्याने टायरची हवा बघितली, शॉकअपमधून ऑइल गळतंय का बघितलं, शॉकअपच्या टोकांचे रबरी बुश हलवून बघितले. सगळं ठीक होतं. मग मी रिंग बघितली. सेटिंग झालं की रिंग आणि बॉडी दोन्हींवरून मी लाल नेलपेंटची एक रेघ ओढते. कोणी रिंग फिरवली तर रेघ तुटते आणि चोरी कळते. मार्करपेक्षा नेलपेंट जास्त टिकतं. शेठ मात्र त्याचं बिल पास करत नाहीत. सुर्व्यांच्या गाडीवर माझी रेघ जशीच्या तशी होती.

सुर्वे वर बसले, मी टेप लावली. स्प्रिंग दबायला हवी होती त्याच्या निम्मीही दबली नव्हती. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

“बघा,” सुर्वे म्हणाले. “मी बोललो ना, कडक झालाय.”

खाली उतरून त्यांनी आमच्याकडची पाण्याची बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच ठेवली. दुसरी मागितली. मध्येच गल्लीच्या टोकाच्या शौचालयात जाऊन आले, आल्यावर पुन्हा पाणी. चेहरा उतरलेला दिसत होता. ते सगळं मी उन्हाच्या खात्यावर टाकलं.

तेवढ्यात शेठ केबिनमधून बाहेर आले. नवीन शॉकअप हा शब्द त्यांना काचेच्या आडूनही ऐकू येतो. हातात कॅटलॉग होता.

“मॅडम, कस्टमर खुद बोलतोय शॉकअप गेला, तर गेला.”

“शेठ, गेला असता तर खाली बसला असता. हा दबतच नाहीये.”

“तो वही ना. नहीं दबता, मतलब गया.”

“टाका हो तुम्ही,” सुर्वे घाईने म्हणाले. “ॲडव्हान्स पूर्ण देतो आत्ताच.”

मला हेच खटकलं. लालबागमध्ये घासाघीस न करता पूर्ण ॲडव्हान्स देणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. शिवाय सुर्वे पाठ सोडवून घेतल्यासारखे बोलत होते.

पण शेठचंही अगदीच चूक नव्हतं. क्वचित शॉकअप आतून जाम होतो, मग दबत नाही. खात्री करायचा सोपा मार्ग होता. तेवढ्याच वजनाचा दुसरा माणूस बसवायचा.

“प्रकाशदादा, काट्यावर चढ.”

प्रकाशदादा चढला. सत्त्याऐंशी. त्याच्या वजनाबद्दल त्याला लाज नाही, अभिमानही नाही.

“उत्तम. आता साहेबांचं हेल्मेट घाल,” मी म्हटलं आणि सुर्व्यांकडे वळले. “जॅकेटही द्या साहेब. मोजणी सारखी व्हायला हवी.”

सुर्वे हलले नाहीत. शेठ म्हणाले, “दे दो ना साहब, दो मिनट का काम है.” मग त्यांनी हळूहळू चेन खाली ओढली.

आतला शर्ट खांद्यावरून लोंबत होता. पॅन्ट कमरेशी चुण्या पाडून पट्ट्यात कोंबली होती. पट्ट्याला पुढे एक भोक होतं, खिळ्याने पाडलेलं, आणि त्याच्याही पुढे आणखी एक. प्रकाशदादाने जॅकेट चढवलं, गाडीवर बसला. गाडी अगदी जिथे बसायला हवी तिथे बसली. टेप न लावताही दिसत होतं, पण मी लावली.

“शॉकअप ठीक आहे,” मी म्हटलं.

शेठनी कॅटलॉग मिटला.

सुर्वे स्टुलावर बसले. “मला माहिती होतं,” ते म्हणाले. “माझा थोरला भाऊ असाच सुकत गेला. आधी पॅन्ट ढिली झाली. मग तपासलं, आणि मग काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. मी काट्यावर नाही चढणार. काट्याने आकडा सांगितला की ते खरं होतं.”

“घरी माहितीये?”

“बायकोला सांगितलंय डाएट करतोय. ती शेजारणींना कौतुकाने सांगते. दोघींचे नवरे माझ्याकडे डाएट विचारायला आले होते.”

मला हसू आलं नाही. मला भीती वाटली, आणि रागही आला. या माणसाला दवाखान्यात जायची हिंमत नव्हती, म्हणून तो माझ्याकडून चांगला शॉकअप काढून फेकून द्यायला निघाला होता. नव्या शॉकअपने गाडी मऊ होईल आणि मग स्वतःची समजूत काढता येईल, असा त्याचा हिशेब होता: काही झालेलं नाही, गाडीच बिघडली होती.

“नवीन टाकला तरी तोही हेच सांगणार, सुर्वे साहेब,” मी म्हटलं. “स्प्रिंगला तुमचा मान ठेवता येत नाही.”

प्रकाशदादा अजून गाडीवरच होता, जॅकेट घालून. तिथूनच म्हणाला, “साहेब, मघापासून बाटल्या किती झाल्या? रात्री पण उठता का सारखे?”

“उठतो.”

“मला असंच झालेलं. पाणी, फेऱ्या, वजन धाडकन खाली. बायकोने तर अंगारा पण लावला. साखर निघाली. गोळ्या खातो. आता वजन बघितलंत ना माझं?”

सुर्व्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की मला नजर वळवावी लागली.

“साखरच असेल असं आम्ही सांगू शकत नाही,” मी म्हटलं. “आम्ही फक्त स्प्रिंग मोजतो. पण रिपोर्ट दाखवल्याशिवाय गाडी मिळणार नाही. चावी माझ्या ड्रॉवरमध्ये राहील.”

“मॅडम,” शेठ म्हणाले, “अपना गैरेज है की दवाखाना?” आणि मला उत्तराची संधी न देता प्रकाशदादावर खेकसले, “बैठा क्या है ऊपर? कोपऱ्यावर लॅब आहे, साहेबांना घेऊन जा. जॅकेट काढ पहले.”

दोन दिवसांनी सुर्वे आले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन.

“साखर,” ते म्हणाले. “एवढी की लॅबवाल्याने परत रक्त घेतलं. बाकी सगळं तपासलं डॉक्टरांनी, दुसरं काही नाही. फक्त साखर.” मुलगी बोर्डात आली असती तरी त्यांचा चेहरा यापेक्षा जास्त खुलला नसता.

डायबिटीस झाला म्हणून पेढे वाटणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांना खायची बंदी, प्रकाशदादाला खायची बंदी. मी दोन खाल्ले, उरलेले शेठनी खाल्ले आणि म्हणाले की नवा शॉकअप विकला गेला असता तर यापेक्षा जास्त पेढे आले असते.

मग मी रिंग सैल केली. रेघेचे दोन तुकडे झाले आणि एकमेकांपासून बरेच लांब गेले. सुर्वे वाकून बघत होते.

“तुटली की.”

“जुळेल परत. गोळ्या वेळेवर घ्या.”

तेव्हापासून ते दर महिन्याला यायला लागले. पुलावर फेरी मारायची, आत यायचं, “थोडी बसायला लागलीय” म्हणायचं. मी मोजायची, रिंग थोडी आवळायची. काट्यावर ते अजूनही चढत नसत. वाकून रेघ बघायचे आणि विचारायचे, “किती राहिलं, बाय?” मॅडमची बाय कधी झाले ते कळलं नाही. मी बोटांमध्ये अंतर धरून दाखवायची. शेठ दर वेळी काचेतून विचारायचे, याचं बिल कधी होणार. मी सांगायची, वॉरंटीत आहे.

दसऱ्याच्या सुमाराला दोन्ही तुकडे समोरासमोर आले. त्या दिवशी सुर्वे बराच वेळ खाली बसून होते. उठताना गुडघे वाजले, तेव्हा म्हणाले, “चला, एवढं तरी जुनंच आहे.”

दिवाळीनंतर ते पुन्हा आले. जॅकेटची चेन उघडीच होती, कारण ती लागत नव्हती.

“मागून बूड आपटतंय,” ते म्हणाले. “शॉकअप गेला बहुतेक.”

“वजन?”

सुर्व्यांनी पोट आत घेतलं आणि छताकडे बघितलं. “पंच्याऐंशी. डॉक्टरांनी तेवढंच ठेवायला सांगितलंय.”

मी टेप लावली. टेपच्या हिशेबाने वजन नव्वद किलोच्या खाली यायला तयार नव्हतं.

“काटा आणू?”

“कशाला, बाय. घरचाच माणूस आहे मी.”

मी जॉब कार्डवर पंच्याऐंशी लिहिलं आणि रिंग रेघेच्या पुढे नेली. रेघेचे तुकडे पुन्हा लांब गेले, या वेळी दुसऱ्या बाजूने. सुर्व्यांनी वाकून बघितलं नाही. त्यांना वाकताही आलं नसतं.

आमच्या धंद्यात पुरुष वजन चोरायला लागला की त्याची तब्येत ठणठणीत आहे असं समजायला हरकत नाही. चोरायचं तो थांबला तरच काळजी करावी.

संध्याकाळी शटर ओढताना मी शेठना सांगितलं की दुकानात खरं बोलणारा एकच माणूस होता, तोही आता आपल्यातला झाला.

शेठ कुलपाशी झटत होते. “अच्छा हुआ,” म्हणाले.