मिस्त्रींची परात

चाकूरला आमच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत. पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून देतात आणि चालू मोटारीला कान लावून तिची तब्येत सांगतात. मी इलेक्ट्रिक कार घेतल्यापासून मात्र ते तिला वळसा घालून जायचे.

परवा त्यांच्या गरोदर लेकीला तपासायला लातूरला न्यायचं होतं. मी गाडी दारात लावली, तर मिस्त्रींनी लेकीच्या पोटावर स्टीलची परात धरली.

"सर, खाली एवढी मोठी बॅटरी हाय. लेकराला किरणं लागतील."

"अब्बा, परात लई गार लागायली," लेक वैतागली.

आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी, तेही फिजिक्स घेऊन. मी होकायंत्र आणून सीटवर ठेवलं आणि गाडी चालू केली. काटा जरासा हलला.

"बघा, हाय ना!" मिस्त्री ओरडले.

मग तेच होकायंत्र मी त्यांच्या दुकानात चालू मोटारीजवळ धरलं. काटा भिंगरीसारखा फिरायला लागला.

मिस्त्रींनी लेकीला आईसोबत गाडीत बसवलं, परात रुमालानं स्वतःच्या पोटाला बांधली आणि पुन्हा मोटारीला कान लावला.