खालच्या रांगेतलं डावीकडचं मीटर

ही गोष्ट मी आपणहून कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. माझ्या कपाटात, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या विमानाचं एक उंची दाखवणारं मीटर आहे. बारा वर्षं ते तिथे आहे, आणि ते माझं नाही. ज्यांचं आहे ते काका पालेगावात राहतात. दर रविवारी मी त्यांच्याकडे चहा प्यायला जातो.

काका म्हणजे नात्याने कुणी नव्हेत. मी डिप्लोमा करून अंबरनाथच्या एका कारखान्यात टेस्टिंग रूमला लागलो, तेव्हा ते तिथले सगळ्यात जुने कामगार होते. प्रेशर गेज तपासायचं, काटा सरळ करायचा, काच बसवायची, हे मी पुस्तकात शिकलो होतो आणि हाताने त्यांच्याकडून शिकलो. पहिल्याच दिवशी मी एक गेज उघडताना स्क्रूचं डोकं घासून टाकलं, तर म्हणाले, "डिप्लोमा, स्क्रू आहे तो, शत्रू नाही." तेव्हापासून माझं नाव डिप्लोमा पडलं ते आजपर्यंत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी पालेगावात दोन खोल्यांचं घर बांधलं. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि त्याखाली काळ्या पत्र्याची एक पाटी. पाटीवर सहा गोल भोकं, वर तीन, खाली तीन. विमान ढगात शिरलं आणि बाहेरचं काही दिसेनासं झालं, की पायलट ज्या सहा मीटरांवर नजर ठेवून विमान चालवायचा, ती ही पाटी. वरच्या रांगेत वेग, क्षितिज आणि चढउतार. खालच्या रांगेत उंची, दिशा आणि वळण.

ही आवड त्यांना कुठून लागली ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. लढाई चालू असताना, अठरा-एकोणीस वर्षांचे असताना, ते एका लष्करी धावपट्टीवर विमानं धुवायच्या कामाला होते. "आत बसायचं नाही, आत हात घालायचा नाही. काच पुसायची ती बाहेरून," ते म्हणाले. "मग काय, पुसता पुसता बघायचो. सहा डोळे आतून माझ्याकडे बघतायत असं वाटायचं." एवढं बोलून ते हसले आणि मला विचारलं, चहात साखर अजून हवी का.

बाहेरून बघितलेली ती सहा मीटरं आपल्या घरात, आपल्या भिंतीवर, बोट लावता येईल अशी असावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि ती पुरी होण्यासारखी जागा जवळच होती.

उल्हासनगरात कॅम्प दोनच्या मागच्या गल्लीत एका सिंधी शेठचं भंगाराचं गोदाम होतं. आम्ही त्यांना साईं म्हणायचो, तेही आम्हाला साईं म्हणायचे. त्यांच्या वडिलांनी लढाईनंतर मोडीत निघालेल्या विमानांचा माल वजनावर घेतला होता. त्यातला बराच वितळला, पण मागच्या बाजूला लाकडी खोकी उरली होती. कधी पितळेचा भाव वाढला की एखादं खोकं उघडायचं, डायल हातोड्याने फोडायचे, पितळ वेगळं, ॲल्युमिनियम वेगळं. आमचं काम हातोड्याच्या आधी पोचण्याचं.

रविवारी सकाळी काका आणि मी माझ्या स्कूटरवरून जायचो. आत शिरतानाच काका म्हणायचे, "जय भीम, साईं! आज काय फोडताय?"

"जय भीम, काका! आओ आओ. तुम आते हो तो हातोडा भी डरता है," असं म्हणत शेठ चहा मागवायचे. मग आम्ही दोघं उकिडवे बसून खोकी चाळायचो. रॉकेलचा वास, हाताला काळं, नखात गंज. त्या दोन तासांइतका आनंद मला नंतर कशात मिळाला असेल असं वाटत नाही. एखादी काच पुसली आणि खालून हिरवट रेडियमचे आकडे वर आले, की काका माझ्या पाठीत थाप मारायचे, जणू मीच ते बनवलंय.

त्या गोदामात एक रीत होती. जे हवं ते त्याच दिवशी नेता आलं नाही, तर त्यावर खडूने आपली खूण करायची. पुढच्या रविवारपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, खुद्द शेठनेही नाही. काकांची खूण म्हणजे एक गोल आणि त्यात आडवी रेघ, क्षितिजाच्या मीटरसारखी. माझी साधी बरोबरची खूण. काका म्हणायचे, "परीक्षेत कमी मिळाल्या म्हणून इथे मारत बसतोस."

सहापैकी पाच मीटरं काकांना सहा वर्षांत मिळाली. खालच्या रांगेतलं डावीकडचं, उंचीचं, काही मिळेना. माझ्याकडे तोवर जमलेलं म्हणजे दोन घड्याळं, तेलाच्या दाबाची काही गेज आणि एक होकायंत्र, ज्यातलं पाणी गळून गेलं होतं. मी काकांच्या पाटीकडे बघायचो आणि मला कौतुक वाटायचं. त्या कौतुकाच्या खाली दुसरंही काही होतं, ते मी तेव्हा उकरलं नाही.

मग एका रविवारी, तळाच्या खोक्यात, ते सापडलं. पत्र्याच्या तुटक्या तुकड्याला चार स्क्रूंनी धरलेलं, तीन काट्यांचं, खाली हवेच्या दाबाची छोटी खिडकी असलेलं. काच शाबूत. काकांनी खालची कळ हळूच फिरवली, तर काटे हलले. स्क्रू मात्र गंजून एकजीव झालेले. शेठ म्हणाले, "छिन्नी मारून देतो ना, दोन मिनिटं."

"छिन्नी?" काका म्हणाले. "साईं, तुमच्या दाताला मारू का?"

त्यांनी खिशातली तेलाची छोटी बाटली काढली, चारही स्क्रूंवर थेंब थेंब सोडलं, आणि वर खडूने गोल काढून आडवी रेघ मारली. "आठवडाभर मुरू दे. पुढच्या रविवारी माझा पेचकस आणतो. चाळीस वर्षं थांबलो, सात दिवस काय!"

शनिवारी आमची अर्धी सुट्टी असायची. त्या शनिवारी मी घरी बदलापूरला न जाता उल्हासनगरला गेलो. स्वतःला मी सांगितलं, बघून येऊ, तेल मुरलं का. शेठ लग्नाला गेले होते आणि गल्ल्यावर त्यांचा धाकटा भाऊ बसला होता. तो मला ओळखत होता. मी म्हणालो, "काकांनी पाठवलंय. ही बघा त्यांची खूण."

इतकंच. हे वाक्य मी घरून ठरवून नेलं नव्हतं, पण तोंडातून इतकं सरळ निघालं की ठरवलंच नव्हतं असंही म्हणता येत नाही. भावाने मान हलवली. मी खिशातून आणलेला पेचकस लावला आणि चारही स्क्रू लोण्यासारखे फिरले. काकांचं तेल मुरलं होतं. त्या चार स्क्रूंपैकी एक जरी अडला असता तर मी परत गेलो असतो, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. आता वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना घेऊन गेलो. न जाण्याचं कारण काय सांगणार? ते फडक्यात पेचकस गुंडाळून मागे बसले होते, रस्ताभर बोलत होते. खोक्यात नुसता पत्रा होता, चार भोकांचा, आणि वर तो खडूचा गोल. आडवी रेघ अजून स्पष्ट होती.

"साईं," काका म्हणाले, "माझी खूण होती."

शेठ घाईघाईने आले, पत्रा उलटासुलटा केला. "मैं कल नहीं था, काका. छोटा बैठा था. पूछता हूँ उसको. कसम से, मैंने नहीं दिया."

"दुकान तुमचं आहे ना?"

"दुकान मेरा है."

"मग खडूचा मान तुम्ही राखायचा. तो राहिला नाही तर मी इथे कशाला येऊ?" त्यांचा आवाज चढला नाही. चहाचे ग्लास आले होते, ते त्यांनी घेतले नाहीत. मी घेतला. हातात काहीतरी हवं होतं म्हणून घेतला, आणि तो गरम चहा उभ्याउभ्या प्यायलो.

त्यानंतर काका त्या गोदामात गेले नाहीत.

मला वाटलं होतं, ते खचतील. पण काका तसे नाहीत. महिन्याभराने मी पालेगावला गेलो, तर खालच्या रांगेतलं डावीकडचं भोक भरलेलं. प्लायवूडची गोल चकती, वर काळा रंग, पांढऱ्या रंगाने रेखलेले आकडे, आणि मधोमध खिळ्यावर फिरणारा पत्र्याचा काटा. काटा शून्यावर.

"विमान जमिनीवर आहे," काका म्हणाले. "पायलट जेवायला गेलाय."

टेस्टिंग रूममध्ये त्यांनीच मला शिकवलं होतं, की हे मीटर खरं तर हवेचा दाब मोजतं. त्यामुळे घरात टांगलं तर घरच वरखाली होताना दिसतं. सकाळी दहाच्या सुमाराला घर खाली येतं, दुपारी चारपर्यंत शंभरेक फूट वर चढतं. थंडीतल्यापेक्षा पावसाळ्याच्या तोंडावर तर दोन-तीनशे फूट. "आपण पलंगावर पडलेलो, आणि घर चढतंय," असं म्हणत ते हात हळूहळू वर न्यायचे. हे त्यांना एकदा बघायचं होतं. ते रोज मी बघत होतो, कपाटाचं दार अर्धं उघडून, बायको स्वयंपाकघरात असताना.

तिला ते एकदा सापडलं. "अहो, हे साड्यांच्या मागे कशाला? लावा की भिंतीवर."

"बिघडलंय," मी म्हणालो.

"मग टाकून द्या. बिघडलेल्या वस्तू टॉवेलात कोण गुंडाळतं?"

भिंतीवर लावलं असतं, तर काकांना घरी बोलावता आलं नसतं. तसंही ते येणं मी हळूहळू बंद केलंच. पूर्वी ते महिन्यातून एकदा आमच्याकडे मटण खायला यायचे. मी म्हणायला लागलो, तुम्ही कशाला दगदग करता, मीच येतो. त्यांना ते माझं प्रेम वाटलं. आणि सांगितलं तर पटणार नाही, पण ते प्रेमही होतं.

रविवारी मी गेलो की चहाआधी ते विचारायचे, "काय डिप्लोमा, आज घर किती फुटांवर?" मी सकाळी कपाटात बघून आलेलो असायचो. अंदाज केल्यासारखं करून आकडा सांगायचो, "एकशे ऐंशी असेल." काका उठून पत्र्याचा काटा एकशे ऐंशीवर आणायचे, चार पावलं मागे जाऊन बघायचे आणि मग बसायचे. हा आमचा खेळ झाला. बारा वर्षं चाललाय. त्यांच्या लाकडी मीटरने बारा वर्षं बरोबर उंची दाखवली आहे, कारण खरं मीटर माझ्याकडे आहे. मी मनापासून सांगतो, त्या रविवारांमध्ये मी सुखी होतो. हेच मला सगळ्यात जास्त टोचतं.

एकदा म्हणाले, "तुझा अंदाज बरा आहे रे. वीस-वीस फुटांचा हिशेब पेपरात तर येत नाही." मी पेपरातल्या हवामानावरून काढतो असं काहीतरी पुटपुटलो. ते बरं म्हणाले आणि साखरेचा डबा शोधत आत गेले. त्यांना कळलंय असं मला त्या दिवशी वाटलं. पुढच्या रविवारी त्यांनी तसाच आकडा विचारला, तेव्हा वाटलं, नाही कळलं.

गेल्या महिन्यात मी शेठच्या गोदामात गेलो. बऱ्याच वर्षांनी. खोकी संपली आहेत, आता जुने पंखे आणि मोटारी असतात. शेठने चहा मागवला, काकांची तब्येत विचारली. मी सांगितलं, मोतीबिंदू पिकलाय, एका डोळ्याने अगदी कमी दिसतं, दुसराही चाललाय. त्यांनी माझ्यासमोर बिस्किटं सरकवली. मग सहज विचारावं तसं म्हणाले, "वो मीटर चालू है अभी तक?"

मी ग्लास बाकड्यावर ठेवला.

"त्या रविवारी रात्री विचारलं, तेव्हा छोट्याने सांगितलं होतं," शेठ म्हणाले. "काका का डिप्लोमा आया था, करके."

"मग तुम्ही काकांना बोलला का नाहीत?"

"बोलून काय? एक गिऱ्हाईक मेरे पे नाराज था. सच बोलता तो दोनों जाते." ते मोठ्याने हसले. मग हसू आवरून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "और साईं, रविवारला त्यांच्याकडे तुमच्याशिवाय कोण जातो?"

मी माफी मागितली. त्यांनी हात झटकला, जशी बाकड्यावरची धूळ झटकतात, आणि विचारलं, काका चहा अजून कडकच पितात का. बारा वर्षं खूण मोडल्याचा आळ अंगावर घेऊन बसलेला माणूस, आणि त्याला चहाचं पडलेलं.

काल मी मीटर टॉवेलातून काढून टेबलावर ठेवलं. बायकोने बघितलं. सबंध दिवस ते उघड्यावर होतं. दुपारी चारला घर दोनशे दहा फुटांवर होतं. रात्री मी ते परत टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलं. डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं जातंय, आणि काकांना काटा दिसतो आहे तोवरच या सगळ्याला अर्थ आहे, हे मला समजतं.

काकांना मी देणं लागतो ते असं: खालच्या रांगेतलं डावीकडचं मीटर, त्याचे चार स्क्रू, आणि ते मीच नेलं हे त्यांच्यासमोर बसून सांगणं. शेठला मी देणं लागतो ते एवढंच, की काकांनी एकदा त्यांच्याकडे जाऊन चहा घ्यावा. यातलं अजून मी काहीही दिलेलं नाही.