तिसरी तार येईपर्यंत

दोन तारांवर मशीन चालवलं मी, आणि हार पडला मालकांच्या गळ्यात. मालक म्हणजे माझा नवरा. इतकी वर्षं झाली, आठवलं की अजून डोकं तडकतं.

तुळजापुरात सोलापूर रोडला आमचं छोटं वर्कशॉप होतं. शेतातली ऑइल इंजिनं दुरुस्तीला यायची. लोखंड कातायचं आमचं लेथ मशीनही असल्याच एका इंजिनावर चालायचं. गल्लीच्या तोंडाशी विजेचे खांब रोवले आणि मालकांना दम निघेना. तारा यायच्या आधीच इंजिन विकून मोकळे! सोलापूरहून तीन फेजची मोटर आणली. तारा आल्या त्या दोनच. तिसरी म्हणे पुढच्या मंजुरीत.

तीन तारांची मोटर दोन तारांवर आपली आपण सुरू होत नाही. नुसती घूं घूं करते, थरथरते आणि तापते. मालक डोक्याला हात लावून बसले. मग एका वायरमननं युक्ती सांगितली. मोटरच्या चाकाला दोरी गुंडाळायची, जीव खाऊन ओढायची, आणि चाक गरगरायला लागलं की दुसऱ्यानं भिंतीवरचा खटका टाकायचा. मग ती चालत राहते, पण जोर कमी. लोखंडावर हत्यार जरा जास्त दाबलं की बसलीच. पुन्हा दोरी.

ठेवलेला गडी हाताला फोड आल्यावर पळाला. मग घरात गडी कोण? मी! पदर खोचला आणि गेले. सासूबाई कडाडल्या, "बाईमाणसानं कारखान्यात जायचं? लोक तोंडात शेण घालतील!" घातलंच लोकांनी. देवीला आलेले यात्रेकरूसुद्धा दारात थांबून बघायचे, जशी काय मी तमाशातली.

पण बघून बघून मी लेथ शिकले. मालक माल आणायला सोलापूरला गेले की गिऱ्हाईक खोळंबायचं. मग मीच इंजिनाचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळकांडी, कातायला लागले. तेव्हा खटक्यापाशी कोण? सासूबाईच! मी दोरी ओढली की "आई राजा उदो उदो!" म्हणून दणकन खटका टाकायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. मी कातलेला एक बुश कधी परत आला नाही. खरं सांगते, त्या कामाचं मला याड लागलं होतं. लोखंडाचा कीस वळत वळत निघायला लागला की मला तहानभूक सुचायची नाही.

मग तिसरी तार आली. मंडप घातला, पुढारी आले, नारळ फुटला. पुढारी म्हणाले, "ह्या गड्यानं एकट्याच्या हिमतीवर कारखाना तगवला." एकट्याच्या! मी मागं हळदकुंकवाचं ताट धरून उभी, हाताला हे घट्टे पडलेले. मालकांनी खुशाल मान डोलावली. हिरवं बटण दाबलं, मोटर फिरली, टाळ्या झाल्या.

जेवताना मालक म्हणाले, "आता तू आराम कर. लेथवर सोलापूरचा कारागीर ठेवलाय."

"आन् म्या?"

"तुझं काय काम आता?"

आराम म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, भाकरी चावत. त्यांनी तरी एक शब्द बोलायचा होता.

खंडेनवमीला मी मशीनच्या पूजेत त्या दोरीलाही कुंकू लावायची. त्या साली बटणाला झेंडूची माळ, आणि दोरी कोपऱ्यात तेलकट चिंध्यांत. उचलली, घरी आणली आणि अंगणात धुणं वाळत घालायला बांधली.

पुढं एकदा खांबावरची एक तार गेली. मालक पळतच अंगणात आले. "मोटर नुसती घूं करतीया. कारागीर गावी गेलाय, गिऱ्हाईक बसलंय, त्याच्या पिकाचं पाणी थांबलंय. दोरी कुठाय?"

"ही काय, तुमच्या म्होरंच हाय."

ते दोरीवरचं लुगडं ओढायला लागले. मी त्यांचा हात धरला. असा कधी धरला नव्हता. "वलं हाय ते. वाळू द्या."

"डोकं फिरलंय का तुझं? चल, ओढ येऊन!"

"नुसती ओढायला न्हाय येणार. लेथवर उभी राहीन, आजपासून, रोज. कबूल असंल तर बोला."

मालक आडाकडे गेले. तिथला दोर सोडला, खांद्यावर टाकला आणि निघाले. सासूबाई ओट्यावर बसून सगळं ऐकत होत्या. त्याही उठल्या आणि लेकाच्या मागं गेल्या. मला वाटलं, चला, आता तरी त्याला चार शब्द सुनावतील. मी दाराशी कान देऊन उभी राहिले.

जरा वेळानं कारखान्यातून आवाज आला, "आई राजा उदो उदो!" सासूबाईंचाच. पाठोपाठ मोटर सुरू झाली.