चार नंबरची तार

त्या दुष्काळात मी वडवणीजवळच्या एका सहकारी दूध संघाच्या संकलन केंद्रात कॉम्प्युटर सांभाळत होते. दूध तपासायचं नवं मशीन आलं, ते जोडायला एक कार्ड आलं, आणि कार्ड बसवल्यापासून कॉम्प्युटर मधेच गोठायला लागला. बसवणारा माणूस बीडहून येऊन बघून गेला, पुन्हा फिरकला नाही. मॅनेजर म्हणाले, तुमचा कोर्स झालाय, तुम्हीच बघा.

मी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत लांबट खाचांची रांग, त्यांत उभी कार्डं. याला ‘बस’ म्हणतात एवढं कोर्समध्ये पाठ केलं होतं. सगळ्या खाचा खालून एकाच तारांच्या जुडग्याला जोडलेल्या असतात, हे समोर बघून कळलं. कार्डं बोलतात त्याच तारांवरून. पण ‘माझ्याकडे बघ’ म्हणून प्रोसेसरला हाक मारायला ज्याची त्याची वेगळी तार लागते.

एकेक कार्ड काढायचं, बसवायचं, कॉम्प्युटर सुरू करायचा. तेवढ्यात लाईट जायची. पंखा बंद, पत्रा तापलेला, आणि परत पहिल्यापासून. नुसता माउस लावला की चालायचं, नुसतं मशीन लावलं तरी चालायचं. मशीन दूध तपासत असताना माउस हलवला की सगळं ठप्प. दोघंही चार नंबरच्या तारेवरून हाका मारत होते. कार्डावरच्या बारीक पिनांवर प्लास्टिकची एक टोपी होती; ती ज्या नंबरच्या पिनांवर, ती तार कार्डाची. ती उपसून पाच नंबरवर बसवली, प्रोग्राममध्येही पाच लिहिलं. चाललं. आनंद झाला असेल. आठवतो तो पाठीचा ठणका.

दूध मोजून घेणारे मामा इतके दिवस हातानंच तपासायचे आणि दूध थोडं पातळ असलं तरी चालवून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लागलं. वस्तीवरच्या एका मावशींचं दूध त्यात घातलं, तर दाटपणा ठरलेल्या हद्दीच्या खाली. असं दूध संघ घेत नव्हता.

“कालपतुर घेतलं की,” मावशी म्हणाल्या. “पानी न्हाई घातलं, बाई. गाईला वैरनच न्हाई तर दूध दाट कुठून व्हईल?”

मी पुन्हा तपासलं. तोच आकडा. मॅनेजरना विचारलं, तर ते म्हणाले, मशीन दाखवील ते खरं. मामा तोंड फिरवून कॅन धूत राहिले.

“मशीन बिघडलंय का?” मावशींनी विचारलं.

“नाही मावशी,” मी म्हणाले. “कालच नीट केलं.”

त्यांनी किटलीचं झाकण लावलं. घरीच दही लावते म्हणाल्या आणि उन्हातून परत गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात त्यांची गाय सरकारी चारा छावणीत गेली, तशाच इतरांच्याही. सकाळची रांग आटत गेली आणि उन्हाळा सरायच्या आत संघानं ते केंद्र बंद केलं. कॉम्प्युटर पोत्यात गुंडाळून टेम्पोत चढवला तेव्हा मी हजर होते. कुठे नेला ते मी विचारलं नाही. मग रस्त्यावर येऊन बीडच्या गाडीची वाट बघत उभी राहिले.